टोपीतली जांभळी कड

गेल्या महिन्यात पुण्यात माझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि बांबूच्या फळीवर कोरलेलं मानपत्र. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं माइक माझ्या तोंडापुढे धरला आणि विचारलं, “माळवदेकाका, टोपी आजार दाखवते हे तुमच्या पहिल्यांदा लक्षात कसं आलं?”

“योगायोगानं,” मी म्हणालो. लोक हसले, टाळ्या पडल्या. हेच उत्तर मी आतापर्यंत अकरा गावांत दिलंय आणि अकराही गावांत टाळ्या पडल्यात.

उत्तर खोटं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं सांगायची मला लाज वाटते. म्हणून ते लिहून काढतोय. उभा राहून बोलायला लागलो की माझी जीभ सोयीचं तेवढंच बोलते, हे मला आता पुरतं कळून चुकलंय.

आमचं दुकान कराडच्या जुन्या पेठेत आहे. माळवदे टोपी डेपो. आम्ही नामदेव शिंपी, पणजोबांपासून टोप्याच करतो. त्यातही काळी टोपी ही आमची खासियत. लोकर दाबून केलेला जाड नमदा कालबुतावर, म्हणजे डोक्याच्या आकाराच्या लाकडी साच्यावर चढवायचा, ठोकून ठोकून बसवायचा आणि वर काळा रंग द्यायचा. माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या काळात लग्नसराईला दुकानापुढे माणसं ताटकळत उभी असायची. धंदा माझ्याकडे आला तोवर टोपी घालणारी डोकी मोजकी उरली होती. त्यात आमच्या रंगाच्या पिंपातलं पाणी गटारातून थेट कृष्णेत जातं, हे कुणीतरी फोटो काढून दाखवलं. पिंप बंद करावं लागलं. त्यातही चूक आमचीच होती. आम्ही ते पाणी वर्षानुवर्षं सोडत आलो होतो.

मग आम्हाला उन्हानं हात दिला. माघातच पारा चाळिशीला टेकायला लागला आणि उघड्यावर काम करणाऱ्या प्रत्येकानं डोकं झाकलंच पाहिजे असा सरकारी नियम आला. लोकांनी स्वस्तातल्या प्लास्टिकच्या टोप्या घेतल्या आणि महिन्याभरात सगळा तालुका डोकं खाजवत फिरू लागला. त्या सुमाराला माझी भाची केतकी, माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी, सूक्ष्मजीवशास्त्रातलं शिक्षण संपवून कराडला आली होती. ती दुकानात बसून अण्णांचं ठोकणं बघायची. एक दिवस म्हणाली, “मामा, टोपी कशाला शिवतोस? वाढव की.”

मला वाटलं, पोरगी थट्टा करतेय. ती थट्टा करत नव्हती.

आपण अळंबी भाजी करून खातो ते त्या जिवाचं फळ. खरा जीव खाली असतो, कापसाहून बारीक अशा पांढऱ्या तंतूंचं जाळं. हे जाळं लाकूड, पाचोळा, उसाची चिपाडं, काहीही खातं आणि खाता खाता एकमेकांत असं गुंततं की त्याचा दाट नमदा तयार होतो. केतकीनं अशा बुरशीचं एक वाण निवडलं. कालबुतावर चिपाडाच्या लगद्याचा पातळ थर द्यायचा, त्यात ते वाण सोडायचं आणि ओलसर, अंधाऱ्या खोलीत नऊ दिवस ठेवायचं. दहाव्या दिवशी कालबुतावर टोपी असते, ना शिवण, ना डिंक. उन्हात वाळवली की बाहेरून आपोआप गडद तपकिरी, जवळजवळ काळी होते. आतून पिठासारखी फिकट राहते. रंगाचं पिंप कायमचं सुटलं.

यात केतकीनं एक गोष्ट मुद्दाम केली होती. बाकीचे लोक असा माल भट्टीत भाजून बुरशी मारून टाकतात. तिनं आमची टोपी फक्त वाळवली. त्यामुळे आतला जीव मरत नाही, झोपतो. टोपी झिजली की गिऱ्हाइकानं ती परत आणायची, आम्ही ती नव्या चिपाडात घालायची, की तिच्यातूनच नवी टोपी वाढते. कचरा म्हणून काही उरतच नाही. फक्त प्रत्येकाला आपल्याच टोपीतून वाढलेली टोपी हवी असायची. दुसऱ्याच्या घामावर पोसलेली टोपी कोण डोक्यावर घेईल? म्हणून प्रत्येक टोपीच्या कडेला आम्ही दोऱ्यानं नंबर घालायचो.

पेठेत माझी यथेच्छ टिंगल झाली. माळवदे आता गावाला बुरशीची टोपी घालणार, असं लोक तोंडावर म्हणायचे. पहिले चार महिने एकही टोपी खपली नाही. तेव्हा ती डोक्यावर घेतली एका माणसानं. हिंदुराव पिसाळ, आम्ही त्यांना तात्या म्हणतो.

तात्यांचं काम गुळव्याचं, म्हणजे रस आटवून गूळ करायचं. नदीपलीकडच्या गुऱ्हाळात तीस वर्षं काहिलीपाशी उभे. उकळत्या रसाकडे नुसतं बघून गूळ कधी उतरवायचा ते सांगायचे. चिपाडं त्यांच्याच गुऱ्हाळातून यायची. खरं तर ती काहिलीखाली जाळायला लागतात, पण तात्यांनी मालकाशी भांडून माझ्यासाठी रोज दोन पोती बाजूला काढली. आणि पहिली तयार टोपी घालून ते आठवडी बाजारात गेले, भाजीवाल्यांच्या ओळीत मधोमध उभे राहिले आणि मोठ्यांदा म्हणाले, “बगा रं, डोक्याला गार लागतंय! म्या काहिलीवर घालून बगितलीया. हसायचं आसंल त्येनं आदी घालावी, मग हसावं.”

त्या बाजारात एकोणीस टोप्या गेल्या. वर्षभरात आमच्या टोपीच्या खोक्यावर तात्यांचा फोटो आला, मिशीसकट.

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. गिऱ्हाईक जुनी टोपी घेऊन आलं की ती दोन्ही हातांनी घ्यायची, पालथीच घ्यायची आणि पालथीच आत नेऊन ठेवायची. गिऱ्हाइकासमोर टोपी कधी उलटी करायची नाही. अण्णा म्हणायचे, माणूस अंगावरचे कपडे धुऊन येतो, टोपी धुऊन येत नाही. आत कलप असतो, कोंडा असतो, खरजेचं औषध असतं, एखाद्यानं फाटकं अस्तर दाभणानं टाचलेलं असतं. ते आपण एकट्यानं बघायचं आणि विसरायचं. मी लहानपणी एकदा एका मास्तरांची टोपी दुकानात उलटी केली म्हणून अण्णांनी माझ्या हातावर कापड मोजायचा लोखंडी गज मारला होता.

ही रीत मी पन्नास वर्षं पाळली. तिचा असा उपयोग मी करीन असं अण्णांना कधी वाटलं नसेल.

पौषात परत आलेल्या टोप्या मी मागच्या खोलीत चाळत होतो. एका टोपीच्या आत, जिथं कपाळ टेकतं तिथं, बोटभर रुंदीची जांभळी कड उमटली होती. जांभूळ खाल्ल्यावर जिभेवर येतो तसा रंग. मी ओलं फडकं घासलं, निघेना. चाळता चाळता आणखी चार तशाच निघाल्या. बंगळूरच्या एका मोठ्या कंपनीचे लोक तीन आठवड्यांनी माल बघायला येणार होते. त्यांनी टोपी देशभर न्यायची म्हटली होती आणि त्यांची एक अट होती की अंगाला लागून माल रंग बदलता कामा नये. मी त्या पाच टोप्या कपाटात घातल्या आणि कुलूप लावलं.

केतकीला कुलूप दिसलं. तिच्यापासून काही लपवणं मला कधी जमलं नाही. तिनं टोप्या टेबलावर मांडल्या, नंबर वहीत बघितले आणि एका नावावर बोट ठेवलं. मंडईतले नारळवाले मोमीनचाचा.

“मामा, चाचांना किडनीचा त्रास आहे ना?”

“दोन वर्षं झाली. पथ्यावर आहेत.”

शेतात टाकतो तो युरिया तिनं चिमूटभर आणला, पाण्यात कमीजास्त कालवून पाच पेले केले आणि पाच कोऱ्या टोप्यांच्या आत एकेक पट्टा ओढला. चौथ्या दिवशी तीन टोप्या होत्या तशाच होत्या. ज्यांना दाट पाणी लावलं होतं त्या दोन जांभळ्या झाल्या होत्या.

“चिपाडात नत्र जवळजवळ नसतं,” तिनं मला समजावलं. “म्हणून आपली बुरशी उपाशी झोपलेली असते. निरोगी माणसाच्या घामातून थोडा युरिया येतो, तेवढ्यानं तिला जाग येत नाही. पण किडनी नीट गाळेनाशी झाली की रक्तात युरिया साठतो, मग घामातूनही जास्त यायला लागतो. तेवढं नत्र मिळालं की ही जागी होते आणि रंग बनवते. मी रंगासाठी वाण निवडलं होतं, मामा. हे माझ्या डोक्यातही नव्हतं.” तिचे डोळे चमकत होते. मग तिनं वहीत पुन्हा बघितलं आणि चमक गेली. “दोनशे चौदा नंबर. ही तात्यांची दुसरी टोपी.”

तात्या काहिलीपुढे दिवसभर घाम गाळणारे, तहान लागली की पाण्याऐवजी चहा पिणारे. अशा उन्हात आणि उष्णतेत राबणाऱ्या माणसांच्या किडन्या हळूहळू सुकतात, काही दुखतखुपत नाही आणि कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो, हे केतकीनं मला अगदी स्पष्ट सांगितलं. “कड फिकट आहे. म्हणजे अजून वेळ आहे. आत्ता औषध, पाणी आणि काहिलीपासून सुट्टी एवढ्यावर पुष्कळ वर्षं निभेल. उशीर केला तर डायलिसिसच्या यंत्रावर जावं लागेल.”

“माल बघून जाऊ देत, मग सांगू,” मी म्हणालो.

“तीन आठवडे?”

“तात्यांचं माहितीय ना तुला? त्यांच्या पोटात काही राहत नाही. आज सांगितलं तर येत्या बाजारात सगळ्या तालुक्याला कळेल की माळवद्यांची टोपी रोग दाखवते. मग कोण घालेल? सोयरीक जमवायला आलेला माणूस आधी पोराची टोपी उलटी करून बघेल. आणि गिऱ्हाइकाच्या टोपीत काय आहे ते आपण बोलत नाही, ही आपल्या घरची रीत आहे.”

रीत मी शेवटी पुढे केली. ती सगळ्यात भारदस्त वाटली म्हणून.

केतकीला आठवड्याभरात हैदराबादला संशोधनाच्या कामावर रुजू व्हायचं होतं. बाकीच्या तिघांकडे ती स्वतः जाऊन आली. टोपीचं नाव न घेता तपासून घ्या म्हणाली, आणि त्यांनी घेतलंही. निघताना तिनं एसटीच्या पायरीवरून मला विचारलं, “तात्यांना तू सांगशील ना? ते तुझं ऐकतील.”

“माझ्यावर सोड,” मी म्हणालो. तिनं सोडलं.

माल बघायला लोक आले आणि खूश होऊन गेले. दुसऱ्याच दिवशी मी गुऱ्हाळावर गेलो. सांगायलाच गेलो होतो, हे शपथेवर सांगतो. तात्या वाफेत उभे होते, माझी टोपी डोक्यावर. मी आडून सुरुवात केली.

“तात्या, एकदा रक्त तपासून घ्या. आरोग्य केंद्रात दहा मिनिटांत होतं.”

“कशापायी? मला काय धाड भरलीया?” तात्या हसले. “अच्युतराव, पाक ओढतुया म्या अजून. ह्यो बगा दंड.”

त्यांना पटेल अशी एकच गोष्ट माझ्याकडे होती आणि ती मी बोललो नाही. बोलायचं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी गरम गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला आणि परत आलो. तीन आठवडे झालेत, आणखी चार दिवसांनी काय होतंय, असं म्हणालो.

चार दिवसांनी गेलो नाही. पुढच्या आठवड्यात गेलो तर ते बाहेरगावी होते आणि मला सुटल्यासारखं वाटलं. नंतर एक विचित्र गोष्ट झाली. दिवस जातील तसं सांगणं सोपं व्हायच्या ऐवजी अवघड व्हायला लागलं. कारण आता नुसती कड सांगून भागणार नव्हतं, इतके दिवस का सांगितली नाही तेही सांगावं लागणार होतं. चैत्र गेला. वैशाख गेला. केतकीचा फोन आला की मी म्हणायचो, “हो, बोललो त्यांच्याशी.” बोललो होतोच की. रक्त तपासा म्हणालो होतो. असं स्वतःला समजावण्यात मी चांगलाच तयार झालो होतो.

आणि मग मी ते केलं, ज्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. न सांगणं एक वेळ भित्रेपणा म्हणता येईल. हे मात्र मी हातानं केलं.

बंगळूरला माल जायला लागला होता. लाख डोकी म्हणजे त्यात कडा निघणारच. शिंप्याला यावर उपाय सुचायला कितीसा वेळ लागतो? मी आतून रबरी कापडाची दोन बोटं रुंद पट्टी लावली. घाम पट्टीवर थांबतो, बुरशीपर्यंत पोचत नाही, कड उठत नाही. ज्या टोपीत एकही शिवण नाही म्हणून मी जाहिरात करत होतो, तिला मी स्वतः मशीनवर बसून गोल शिवण घातली. पहिली पट्टी मी तात्यांच्या नव्या टोपीला लावली.

अण्णा तेव्हा चौऱ्याऐंशीचे होते. डोळे जवळजवळ गेलेले, पण बोटांना सगळं दिसायचं. त्यांनी टोपी हातात घेऊन आतून बोट फिरवलं.

“ह्ये रबर कशाला?”

“घाम टिपायला.”

“रबर घाम टिपत न्हाई, अडवतं.” त्यांनी पुन्हा एकदा बोट फिरवलं. “श्वास घेणारी टोपी म्हणत होतास न्हवं?”

“लोकांनी मागितली, अण्णा.” कुणीही मागितली नव्हती.

तात्या आषाढात दुकानात आले आणि पट्टीवर बेहद्द खूश झाले. “ह्ये लई ब्येस केलंसा. आता डोळ्यात घाम येत न्हाई.” आणि गल्ल्यापाशी उभ्या असलेल्या दोन गिऱ्हाइकांना टोपी काढून पट्टी दाखवली. त्यांचा चेहरा सुजल्यासारखा वाटत होता. मी म्हणालो, “तब्येत सुधारलीय, तात्या.” खरंच तसं म्हणालो मी.

दिवाळीनंतर गुऱ्हाळं सुरू झाली आणि तिसऱ्या दिवशी तात्या काहिलीजवळ कोसळले. नशीब, मागे पडले. कराडच्या दवाखान्यात नेलं तर दोन्ही किडन्या जवळजवळ थांबलेल्या. आठवड्यातून दोनदा यंत्रावर, जन्मभर.

त्याच आठवड्यात केतकी सुट्टीवर आली. दारात चप्पल काढता काढता तिनं विचारलं, “तात्यांची औषधं काय म्हणतात? दहा महिने झाले ना आता.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिची नजर कापायला ठेवलेल्या रबरी पट्ट्यांच्या गठ्ठ्यावर गेली. एक पट्टी उचलून तिनं ती एका टोपीच्या आत धरून बघितली आणि तिला सगळं समजलं. मला वाटलं होतं ती ओरडेल. तिनं पट्टी जागच्या जागी ठेवली, नीट, घडी न मोडता, आणि म्हणाली, “मी तुझ्यावर सोडलं होतं, मामा.”

अण्णा कोपऱ्यात बसून ऐकत होते. त्यांना मी त्या दिवशी सगळं सांगितलं. त्यांनी गज मागवला नाही, काही नाही. म्हणाले, “ती रीत गिऱ्हाइकाची लाज झाकायला होती, अच्युत. तू तिच्याखाली स्वतःची झाकलीस.” त्यानंतर महिनाभर ते माझ्या हातचा चहा घेत नव्हते. चहासाठी माझ्या बायकोला हाक मारायचे.

पुढचं बरंचसं सगळ्यांना ठाऊक आहे. केतकीनं कडेचा शोध जाहीर केला. बंगळूरवाले तडकाफडकी गेले, मग वर्षानं हात जोडून परत आले. पट्ट्या निघाल्या. आज राज्यातल्या गुऱ्हाळांत, वीटभट्ट्यांवर, ऊसतोडीच्या फडात आमची टोपी असते आणि महिन्यातून एकदा नर्स येऊन ती आतून बघते. मला जी भीती होती तीही खरी ठरली. काही मुकादमांनी कड दिसलेल्या माणसांना कामावरून काढलं, दोन-चार ठरलेली लग्नं मोडली. म्हणून केतकीनं भांडून नियम करून घेतला की टोपी नर्सनं आणि ज्याची टोपी त्यानंच बघायची, तिसऱ्यानं नाही. त्यासाठी तिनं अण्णांकडून घरची रीत शब्दाशब्दानं लिहून घेतली. सत्कार मात्र माझे होतात, कारण दुकानाच्या पाटीवर नाव माझं आहे.

पण हे सगळं नंतरचं. केतकी आली त्याच्या तिसऱ्या दिवशी मी तात्यांकडे गेलो. तिनं जा म्हटलं नव्हतं. ती माझ्याशी बोलतच नव्हती.

सकाळचे दहा वाजले असतील. तात्या सोप्यात खाटेवर बसले होते. हाताला बँडेज, चेहरा राखेसारखा. डोकं उघडं. मी त्यांना इतक्या वर्षांत प्रथमच उघड्या डोक्यानं बघत होतो. मला बघून ते सावरून बसले.

“या, या अच्युतराव. आगं, कोन आलंय बग! त्येंला गूळ-पानी आन.”

अनुसयाकाकींनी वाटीत गूळ आणि काठोकाठ भरलेला तांब्या आणून माझ्यापुढे ठेवला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. मी तांब्याला हात लावला नाही. आधी बोलायचं असं ठरवून आलो होतो. खाली मान घालून सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. कड सांगितली, कुलूप सांगितलं, केतकी काय म्हणाली ते सांगितलं, रबरी पट्टी सांगितली. मला वाटत होतं, ते उठतील, शिवी देतील, निदान बाहेर जा म्हणतील. मी त्याची वाट बघत होतो.

तात्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, “म्हंजी... माज्या घामानं टोपी नासली व्हय?”

“नाही, तात्या...”

“आवं, मग तवाच सांगायचं न्हाई का? तुमच्या दुकानाचं नाव हाय. त्या बंगळूरच्या सायबांनी बगितली न्हाई न्हवं?” ते खरंच ओशाळले होते. बँडेजच्या हातानं उघडं डोकं चाचपत होते. “म्या म्हनतो, आपुन जाहिरातीला हाय आन् आपल्याच टोपीला डाग. कसं दिसतंय ते?”

मला जागेवर बसवेना. मी उठून खाटेजवळ जमिनीवर बसलो आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. डाग टोपीचा दोष नव्हता, तात्या. डाग तुमचा जीव वाचवायला आला होता. पौषात मी सांगितलं असतं तर गोळ्यांवर भागलं असतं, यंत्र लागलं नसतं. मी सांगितलं नाही, कारण तुम्ही बाजारात बोलाल अशी मला भीती वाटली.

या वेळी काकींना आधी समजलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. मग तात्यांना समजलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा ओशाळेपणा गेला आणि त्या जागी काहीच आलं नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. तीस वर्षं काहिलीतल्या रसाकडे त्यांनी असंच बघितलं असेल.

“अच्युतराव,” ते शेवटी म्हणाले, “मला आसं म्हनला आसता की तात्या, ह्ये कुनाला बोलू नगा, तर म्या बोल्लो नसतो. एकदा सांगून बगायचं हुतं.”

एवढंच. ह्याच्यापलीकडे त्यांनी मला आजतागायत काही म्हटलेलं नाही.

मी उठलो. काकी चौकटीतून पुढे आल्या. त्यांचे डोळे लाल होते, पण आवाज घरी आलेल्या पाहुण्याशी बोलायचा तसाच होता.

“पानी पिऊन जावा. तेवडं ठिवू नगा.”

“नको, काकी.”

“आवं, प्या की. त्येंच्या अंगात पानी साचतंय, दिसाला दोनच पेलं द्यायचं, असं डाक्टरनी सांगितलंय. आजचं दोनी झालं. भरला तांब्या म्होरं ऱ्हायला की त्येंला सोसत न्हाई, आन् घरात आलेल्या मानसाचं पानी म्या परत आत न्हेत न्हाई.”

तात्यांनी मान दुसरीकडे वळवली होती, पण पुरती वळली नव्हती. मी तांब्या उचलला आणि त्यांच्यासमोर उभा राहून सगळं पाणी प्यालो.